छत्री उसनी होती

माझी आई गिरगावातले रस्ते झाडायची. म्युनिसिपालटीच्या झाडूखात्यात कायम होती. पहाटे चौकीवर हजेरी, मग मुकादम सांगेल ती गल्ली. गिरगाव म्हटलं की लोकांना नाटकं आठवतात, गणपती आठवतात, खानावळी आणि चाळीतल्या गमती आठवतात. त्याच गिरगावच्या एका बोळाच्या शेवटाला सफाई कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती. तेही गिरगावच. तिच्यावर कुणी ललित लेख लिहिला नाही, आणि लिहिला नाही तेच बरं झालं.

साठचं दशक सरत आलं होतं. मी सातवीत. त्या वर्षी आमच्या रांगेत दर गुरुवारी दुपारी एक परदेशी बाई यायला लागली. पंचविशीची असेल. कुठल्याशा मिशनची. दोन वर्षांसाठी स्वखुशीनं आलेली, पगार नाही, खायची-राहायची सोय तेवढी. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा ती आमची नुसती 'मिसबाई'. पोरांची नखं कापायची, खरजेवर जांभळं औषध लावायची, दुधाची भुकटी कालवून पेल्यापेल्यानं द्यायची. मराठी मोडकं. आईला विचारायची, "आई, तू कसा आहेस?" आणि सगळी रांग हसायची. येशूची रंगीत कार्डं वाटायची खरी, पण बाप्तिस्मा घ्या असं तिनं कधी म्हटलं नाही. आम्ही छप्पन सालीच बौद्ध झालेलो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्या फोटोंसमोर ती बाई चपला काढून उभी राहायची. हे मी मुद्दाम लिहितो. पुढं जे म्हणायचंय ते तिच्या वाइटपणावर उभं करायचं नाही मला. ती वाईट नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं आईपुढं हात केला. आई नुकतीच कामावरून आलेली. तिनं आपला हात पाठीमागं नेला. बाई दोन पावलं पुढं आली आणि तो हात मागनं ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला. आई ही गोष्ट मरेपर्यंत सांगायची. "कंचं काम करतीस म्हून इच्यारलं न्हाय. हात धरला बग तिनं." ज्या गल्ल्या आई पंचवीस वर्षं झाडत होती, तिथं तिला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. हे खेड्यातलं नाही, मुंबईतलं सांगतोय. म्हणून त्या हाताची किंमत मला कमी करायची नाही. कुणी करू नये.

आता छत्रीची गोष्ट.

आषाढातला गुरुवार. बाई आली तेव्हा उघडीप होती, जायच्या वेळी धो धो. आमच्या घरात छत्री एकच. काळी, लाकडी मुठीची, दोन काड्यांना सुतळी बांधलेली. आईनं ती काढून बाईच्या हातात दिली. "ने. फुडच्या बेस्तरवारी आन." बाईनं नको नको केलं, मग घेतली. आठवडाभर आई डोक्यावर गोणपाट घेऊन कामावर गेली. बाप भिजत गेला. मी वह्या सदऱ्याच्या आत घालून शाळेत. कुणाची तक्रार नव्हती. उलट आई खूश दिसत होती. शेजारणीला दोनदा सांगून झालं, की मिसबाई माझी छत्री घेऊन गेलीय.

पुढच्या गुरुवारी बाई आली ती दोन छत्र्या घेऊन. एक आमची, वाळवून नीट घडी घातलेली. दुसरी नवी कोरी, काळीभोर, मुठीला कागद तसाच. दोन्ही तिनं आईपुढं धरल्या आणि हसली.

आईनं जुनी घेतली. नवी मागं सारली.

बाईला वाटलं संकोच करतेय. तिनं पुन्हा पुढं केली. आईनं पुन्हा सारली, या खेपेला जरा जोरानं. बाईचा चेहरा उतरला. रांगेतल्या बायका म्हणाल्या, "काय येडी का खुळी गं तू?" बाई गेल्यावर आई चुलीपुढं बसली आणि बडबडली, "मी तिला छत्री उसनी दिल्ती. ईकली न्हवती."

मी तेव्हा आईवर भयंकर चिडलो होतो. ती छत्री माझी झाली असती. तो सगळा पावसाळा मी भिजलो. आईचं म्हणणं कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि अजूनही ते सगळं कळलंय असं छातीवर हात ठेवून सांगत नाही.

मित्रांनो, उसनं म्हणजे काय? वाटीभर साखर, पावशेर पीठ, विस्तवाचा निखारा. आज मी तुझ्याकडनं नेलं, उद्या तू माझ्याकडनं नेशील. उसन्याला व्याज नसतं, उपकार नसतो, हिशेब असतो पण वही नसते. ज्याच्याकडनं उसनं नेता येतं तो आपल्या बरोबरीचा. उसन्यात आणखी एक गोष्ट आहे. देणाऱ्याला घेणाऱ्याचा भरवसा असावा लागतो, आणि घेणाऱ्याला 'मला तुझी गरज आहे' हे कबूल करावं लागतं. दानात ही कबुली कुणीच देत नाही.

आता गावगाडा आठवा. महारवाड्यातून गावात काय जायचं? लाकडं फोडायला हात जायचे, सांगावा घेऊन पाय जायचे, मेलेलं जनावर ओढायला खांदे जायचे. गावातून महारवाड्यात काय यायचं? बलुतं, शिळी भाकरी, मढ्यावरचं कापड. कुणब्याच्या घरातलं पीठ कुणब्याच्या घरात उसनं जायचं. महारवाड्यातनं वाटीभर पीठ गावात उसनं गेल्याचं कुणी ऐकलंय? अन्न वरून खाली यायचं, खालून वर कधी नाही. अस्पृश्यतेची व्याख्या पुस्तकात शोधू नका. ज्याच्याकडनं उसनं नेत नाहीत तो अस्पृश्य. माझ्या आईच्या गावी, कराडकडं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

म्हणून आईची ती छत्री नुसती छत्री नव्हती. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा एका गोऱ्या, शिकलेल्या, वरच्या माणसानं तिच्याकडनं काही उसनं नेलं होतं. आठवडाभर ती बाई आईची देणेकरी होती. नव्या छत्रीनं ते देणं फिटलं, आणि वर आईच्या डोक्यावर उपकार चढला. बाईनं हिशेब चुकता केला असं तिला वाटलं. आईच्या लेखी तिनं दोस्ती मोडली.

बाईला हे कळायला हवं होतं का? बिचारी कुठून कळणार. पण हीच तर अडचण आहे. जो माणूस समुद्र ओलांडून गरिबांशी मैत्री करायला येतो, तो काहीतरी द्यायला म्हणूनच येतो. रिकाम्या हातानं यायचं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि ज्याचे दोन्ही हात भरलेले, त्याला घेता कसं येणार?

हे मिशनवाले आमच्या गिरगावला नवे नाहीत. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. १८३२ ला त्यांनी शाळा काढली, तीच पुढं अंब्रोलीची शाळा आणि मग विल्सन कॉलेज. आज चौपाटीसमोर जी दगडी इमारत आहे ती १८८९ ची. आमच्या बाया त्या इमारतीपुढचा फुटपाथ झाडायच्या.

पण या पहिल्या मिशनऱ्यांची मैत्री कुणाशी होती? वरच्यांशी. डोकं धरलं की धड आपोआप येईल, असा त्यांचा हिशेब. १८३९ साली दोन पारशी पोरांनी बाप्तिस्मा घेतला तर खटला झाला, लोकांनी पोरं शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण आणि श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण भावांवरून पुन्हा तेच. श्रीपत अज्ञान म्हणून कोर्टानं बापाच्या ताब्यात दिला, त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर झगडले आणि भटभिक्षुकांत रणं माजली. एका ब्राह्मण पोरापायी केवढं रामायण. आमचे शेकडो गेले तरी कुणी कोर्टाची पायरी चढला नाही. कुणाला आम्ही परत नको होतो. हेही एक परीनं बरंच, मोकळे तरी राहिलो. नारायण शेषाद्री मात्र पुढं जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवून मांग-महार ख्रिस्त्यांत राहिले, हे न सांगणं अन्याय होईल.

त्याच चौपाटीवर, विल्सन कॉलेजजवळ, ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंचं शारदासदन उघडलं. पैसा अमेरिकेतल्या बायांनी जमवलेला. कुणासाठी? उच्चवर्णीय विधवांसाठी. मैत्रीचा हात सातासमुद्रापलीकडून आला तोसुद्धा जात विचारून. रमाबाईंचं मोठेपण असं की पुढं दुष्काळात केडगावला त्यांनी जात विचारणं सोडलं.

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांचा हिशेब फार चोख मांडलाय. ते निबंध त्यांच्या हयातीत छापलेच गेले नाहीत, १९८९ साली समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आले. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखान्यांवर पैसा ओतला, त्याचा लाभ वरच्या हिंदूंनी घेतला. जो अस्पृश्य ख्रिस्ती झाला त्याची जात देवळाबाहेर सुटली आणि चर्चमध्ये पुन्हा भेटली. आणि सर्वांत बोचरं म्हणजे, तो आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध झगडायचा थांबला. देव मिळाला, भांडण गेलं.

तरी उलट बाजूही सांगतो, नाहीतर आपल्यातलेच लोक म्हणतील हा अर्धवट बोलतो. अहमदनगरला सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई होती. लग्न न करता १८२७ साली मुंबईला आली, १८३९ पासून नगरला, १८६२ ला तिथंच मेली. पस्तीस वर्षं. तिची मुलींची शाळा जोतीरावांनी जाऊन पाहिली, आणि १८४८ ला पुण्यात काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. जोतीराव तिच्याकडनं घेऊन आले. तिचा धर्म नाही, तिची रीत. मला हे उसनं घेण्यासारखंच वाटतं. आणि जोतीरावांनी फेडही केली. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना लिहिली, काळ्या गुलामांना सोडवलं म्हणून. पुण्यातला एक माळी अमेरिकेला शाबासकी देतोय! शाबासकी बरोबरीचाच देऊ शकतो.

मिशनऱ्यांच्या तोंडावर ही गोष्ट बोलला तो आपलाच एक माणूस. १९१० साली एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. तिथं व्ही. एस. अझरिया नावाचा तमिळ ख्रिस्ती उभा राहिला. नाडर जातीचा, म्हणजे ज्यांच्या बायांना अंगभर कापड घालायलाही झगडावं लागलं ती जात. तो म्हणाला, तुम्ही आम्हाला पुष्कळ दिलंत, जीवही वेचलात. पण आमच्या माणसाला जेवायला घरी बोलावत नाही, हात धरत नाही. उपकार पुरे, आम्हाला मित्र द्या. सभेतले कितीतरी जण संतापले म्हणतात. साहजिक आहे. दानशूर माणसाला 'तू मित्र नाहीस' म्हणणं म्हणजे नवी छत्री मागं सारणंच.

आमचे ना. वा. टिळकही, कोकणस्थ असले तरी, १९१७ साली मिशनचा पगार सोडून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. पगाराखाली भाऊपणा चालत नाही, हे त्यांना बावीस वर्षांनी पटलं असावं.

आमच्या गिरगावपासून चालत जाता येईल एवढ्यावर नागपाडा. तिथं १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नेबरहूड हाउस उघडलं, म्हणजे शेजारघर. नाव मला आवडतं. हा माणूस शिकागोचा. सेवेचा गळ टाकून धर्माचे मासे धरू नयेत, अशा मताचा. त्याच घरात १९३६ ला टाटांच्या पैशानं समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची देवनारची मोठी संस्था. चांगलं काम झालं, आमची पोरं तिथं शिकली. पण एक गंमत पाहा. शेजारी व्हायला आलेल्या माणसाच्या घरातून शेजारपणाचा डिप्लोमा निघाला. मैत्रीला नोकरी लागली.

आता कुणी म्हणेल, हे परक्यांचं झालं, आपल्या देशी माणसांचं काय? आपल्यांचं आणखी अवघड आहे. परका निदान अनोळखी म्हणून येतो. आपला माणूस पाप धुवायला येतो.

विठ्ठल रामजी शिंदे गिरगावच्या प्रार्थना समाजाचे. ऑक्सफर्डला शिकून आले आणि १८ ऑक्टोबर १९०६ ला परळला अस्पृश्यांसाठी मिशन काढलं. मिशन हा शब्दसुद्धा तिकडचाच. शिंद्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. आपल्या घरादारासकट ते या कामात उतरले, मराठा समाजाचे टोमणे खाल्ले. पण कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कुणी निवडायचे, हा प्रश्न आला तेव्हा मिशननं सुचवलं की कौन्सिलातल्या सभासदांनी निवडावेत. १९२० च्या नागपूर परिषदेत तरुण आंबेडकरांनी ते हाणून पाडलं. मित्र म्हणून आलेला माणूस तुमच्या वतीनं बोलायला लागतो, तिथं गाडी घसरते. शिंद्यांचीही घसरली.

आणि १९३२ चं काय सांगावं. मुंबईतच सभा होऊन जो संघ निघाला, त्याला पुढं हरिजन सेवक संघ नाव पडलं. बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ ला 'व्हिक्टोरिया' बोटीवरून ठक्करांना पत्र लिहिलं. त्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, कामाला माणसं अस्पृश्यांतलीच घ्या, ती प्रेमानं काम करतील. दुसरी, स्पृश्यांनी अस्पृश्यांना आपल्या घरात येऊ द्यावं, पाहुणा म्हणून नाहीतर नोकर म्हणून, पण घरात. उत्तर आलं नाही. पुढं अस्पृश्यांना मंडळावर घ्या म्हटल्यावर गांधीजींचं म्हणणं असं की हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा संघ आहे, देणं सवर्णांचं, फेडणार ते, तेव्हा मंडळावर तेच असणार. ऐका नीट. देणेकरी म्हणतो, कर्ज मी फेडणार, पण किती, कधी, कसं हे मीच ठरवणार, आणि सावकारानं कमिटीवर बसायचं नाही. असा देणेकरी मारवाड्याच्या दुकानी एकदा उभा करून पाहा!

१९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली आणि बाबासाहेबांच्या दारी मित्रांची रांग लागली. बिशप आले, शीख आले, मुसलमान आले. सगळे हात पुढं करून. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे जॉन मॉट गांधीजींना भेटले आणि आमच्यावर चर्चा झाली. गांधीजी म्हणाले, गाईला शुभवर्तमान सांगाल काय? काही अस्पृश्य तर समजुतीत गाईपेक्षा कमी. हे छापलेलं आहे, मी पदरचं घालत नाही. दोन थोर माणसं, दोघंही आमचे मित्र म्हणवणारी, बोलताहेत आमच्याविषयी, आणि खोलीत आमच्यापैकी कुणी नाही. बाबासाहेबांनी त्या रांगेकडं एकवीस वर्षं शांतपणे पाहिलं. मग जो धर्म घेतला त्यात देणारा कुणी नव्हता. बुद्ध अडीच हजार वर्षांपूर्वी गेलेला, त्याचे भिक्खू या भूमीतून कधीच हद्दपार. आम्हीच आम्हाला दिला. माझा बाप म्हणायचा, "ह्यो धरम फुकाट मिळाला न्हाय, म्हून आपला."

पण परदेशी मित्र आपल्या धम्मातही आले. हे आपण सोयीनं विसरतो. संघरक्षित नावाचे इंग्रज भिक्खू बाबासाहेबांना भेटलेले, सहा डिसेंबरला नागपुरात हजर, रडणाऱ्या माणसांत उभं राहून बोललेले. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७८ ला पुण्यात येऊन राहिले आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा झाला. तिकडं इंग्लंडात गोरी पोरं संध्याकाळी घरोघर दार ठोठावून आमच्या वस्त्यांची हकिगत सांगून पैसे जमवायची. त्यातनं बालवाड्या, वसतिगृहं झाली. त्या निधीचं नाव पुढं करुणा पडलं.

करुणा. इथं माझं घोडं अडतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये करुणा आणि मैत्री असे दोन शब्द वेगळे ठेवलेत. करुणा दुःखी माणसापुरती, मैत्री त्याच्याही पुढं जाणारी, शत्रूलाही न वगळणारी, सर्व जिवांना पोचणारी. नुसती करुणा पुरत नाही असं त्यांचं म्हणणं. मी माझ्या बोलीत सांगतो. करुणेला समोर दुःखी माणूस लागतो. तो सुखी झाला की करुणेचं काम संपलं, ती दुसरीकडं जाते. मैत्रीला माझं दुःख लागत नाही. मी बँकेत साहेब झालो तरी माझा मित्र माझा मित्रच. मिसबाईचं माझ्या आईशी काय होतं, याची परीक्षा त्या बाईकडं नव्हतीच. आई जर उद्या श्रीमंत झाली असती तर बाई गुरुवारी आली असती का, एवढाच प्रश्न.

या इंग्रज बौद्धांच्या बाबतीत मी जरा सबुरीनं बोलतो. कारण तिथं एक फरक दिसतो. आपल्यातली माणसं धम्मचारी झाली, बायाही झाल्या, त्याच संघाच्या सभासद, गोऱ्यांच्या बरोबरीनं. त्या इंग्रजांना आंबेडकर आमच्याकडनं घ्यावे लागले, त्याशिवाय त्यांना इथलं काहीच उमगलं नसतं. घेतले त्यांनी. थोडं उसनं झालं म्हणायचं. पैशाचा ओघ मात्र एकाच दिशेनं राहिला, आणि पैसा ज्या दिशेनं येतो त्या दिशेला मान आपसूक वाकते. मग समोर येशू असो की बुद्ध.

आणि गेल ऑम्वेट. ती मिशनवाली नव्हे, अभ्यास करायला आलेली अमेरिकन पोरगी. फुल्यांच्या चळवळीवर डॉक्टरेट केली, कासेगावला संसार थाटला, १९८३ ला इथलं नागरिकत्व घेतलं, २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथंच गेली. तिच्याशी आपली माणसं किती भांडली! शेतकरी संघटनेवरून भांडली, खुल्या अर्थव्यवस्थेवरून तर कडाक्याची. तिनंही उलट लिहिलं. कुणी म्हणालं नाही की अगं, तू पाहुणी आहेस. दात्याशी भांडता येत नाही. तो रागावला तर दुधाची भुकटी बंद. हिच्याशी भांडता आलं, कारण तिला परत जायचं नव्हतं आणि आपल्याला तिच्याकडनं भुकटी घ्यायची नव्हती.

हे सगळं मी एका जुन्या मित्राला सांगितलं. पँथरच्या दिवसांतला, अजून कडक. तो म्हणाला, "हे तुझे पोटभरल्याचे चोचले आहेत. हक्क पाहिजेत, मैत्री कशाला? ज्या पोराची खरूज गेली त्याला विचार, दान होतं की उसनं." निरुत्तर झालो. खरंच आहे, खरूज माझीच गेली होती. जांभळ्या औषधाचा तो गार चटका अजून आठवतो. ती बाई आली नसती तर काय झालं असतं, हे मी गिरगावातल्या सदाशिव पेठी घरांना विचारू शकत नाही. तिथनं औषध घेऊन कुणी खाली उतरलं नव्हतं. पण हक्क मिळाल्यावरही आईला पाणी वरूनच ओतलं जात होतं, हेही खरं. त्याला कायदा होता, १९५५ चा. कायद्यानं पेला मिळतो, उसनी साखर मिळत नाही. मित्राला हे पटलं नाही. चहा त्यानंच पाजला.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते.

रिटायर झाल्यावर आम्ही काही बौद्ध मंडळींनी एक मंडळ काढलं. सगळे बँकवाले, एलआयसीवाले, फ्लॅटवाले. मीही आता गिरगावात नाही, उपनगरात तिसऱ्या मजल्यावर. दर रविवारी रेल्वेरुळाच्या कडेला पारध्यांची पालं आहेत तिथं जातो. वह्या, बिस्किटं, औषधं. पोरांना बाराखडी. फोटोही काढतो, अहवालाला लागतात.

पहिल्याच महिन्यात एका पालातल्या बाईनं चहा केला. तीन दगडांच्या चुलीवर, जर्मनच्या पातेल्यात. स्टीलच्या पेल्यात ओतून, पेला पदरानं पुसून माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "आत्ताच घेतला." घेतला नव्हता. पाणी कुठलं असेल, एवढंच डोक्यात आलं. माझ्या वयाच्या माणसाच्या पोटाला जपायला लागतं, वगैरे. तिनं पेला मागं घेतला, काही बोलली नाही, पोराला दिला. घरी येताना गाडीत मला गिरगावातली ती ओंजळ आठवली. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, नाहीतर तिच्यापुढं उभं राहायची माझी छाती झाली नसती.

त्यानंतर दोन रविवार मी काही ना काही कारण काढून गेलोच नाही. तिसऱ्या रविवारी गेलो. चहा कुणी विचारला नाही. वह्या वाटून झाल्या. निघताना रिक्षावाला सुट्या पैशांवरून कटकट करायला लागला, पाचशेची नोट घेईना. खिशात खरंच सुटे नव्हते, की मी नीट शोधलेच नाहीत, माझं मलाच नक्की सांगता येत नाही. मी त्या बाईकडं परत गेलो आणि म्हणालो, "बाई, वीस रुपये उसने देता का? पुढल्या रविवारी देतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या बुटांकडं पाहिलं. मग पदराची गाठ सोडली, दोन दहाच्या चुरगळलेल्या नोटा काढल्या, एक हातात ठेवली, दुसरी धरून ठेवली.

"आनून देशाल ना, सायेब? का समदे म्हनत्यात तसंच?"